आनंदीबाईंची ट्रंक

आमच्या वाडीत आपत्तीला तोंड द्यायला सर्वांत आधी कोण सज्ज झालं, याचं उत्तर सरकारी आहे आणि लॅमिनेट केलेलं आहे: श्रीमती आनंदीबाई. वय सत्तरीच्या पलीकडे, गुडघे नावापुरते, दात मोजके आणि जीभ पूर्ण शाबूत. त्यांच्या सज्जतेचं प्रशस्तिपत्र त्यांच्या घरात गणपतीच्या तसबिरीशेजारी लटकत होतं. होतं म्हणते, कारण आता ते डोंगराखाली आहे.

कशेळ्याहून आत वळलं की पायथ्याशी आमची वाडी. चढणीवरचं सर्वांत शेवटचं घर आनंदीबाईंचं. त्यांच्या परसात डोंगर सुरू होतो की डोंगराच्या परसात त्यांचं घर आहे, याचा निकाल दर पावसाळ्यात थोडाथोडा लागत असे. एक वर्ष गोठ्याचा कूड गेला, एक वर्ष शेवग्याचं झाड उभंच्या उभं चार हात खाली सरकून आलं. "चालत आलं बघा भेटायला," म्हणून बाईंनी त्याच्या शेंगा काढल्या.

त्यांचा मुलगा संतोष खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. त्यानं आईचं घर डोंगराखाली आहे म्हणून घाबरून स्वतःसाठी स्लॅबचं नवं घर बांधलं. डोंगरापासून पुरेसं लांब हवं म्हणून ते त्यानं थेट ओढ्याला चिकटून बांधलं. शिकलेला आहे. आईला म्हणाला, "आये, तू आता खाली ये." आई म्हणाली, "तू बुडालास की वर ये, मी हाय."

आनंदीबाईंचं माहेर कळंबकडचं. लग्न होऊन आल्या तेव्हा आबाजींच्या घरी भाताची शेती, एक बैलजोडी आणि भरपूर नातेवाईक एवढंच होतं. बैल गेले, शेतीचा तुकडा झाला, नातेवाईक मात्र टिकले. या बाईचा एक हट्ट मी इतकी वर्षं पाहत आले आहे. दारात आलेल्या माणसानं काही मागितलं आणि "घरात नाय" म्हणायची वेळ आली, तर त्यांना ते मरणाहून वाईट. त्यामुळे घरात सगळं जोडीनं. साखरेचे दोन डबे, एक वापरायचा आणि एक "आसूंदे" म्हणून. सुया, पोळपाट, चपलासुद्धा. पावसाळ्यात काकड्या आणि शिराळी घेऊन कशेळ्याच्या बाजाराला जायच्या, तेव्हा टोपलीत वरून एक काकडी जास्तीची. गिऱ्हाईकानं घासाघीस केली तर त्याच्या तोंडावर मारायला.

आणि अशा बाईच्या घरात नेमकी एक वस्तू नव्हती.

आबाजी गेले ते भर श्रावणात, धो धो पावसात. माणसं जमली, बांबू आले, ओलीच का होईना लाकडं आली. आणि मग कळलं की मडकं नाही. एकाला मोटारसायकलवर कशेळ्याला पिटाळलं, तर बाजार बंद. तो शहाणा परस्पर कळंबच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर गेला आणि तिथल्या माळ्याच्या हातापाया पडून झेंडूचं रोप उपटून मातीची कुंडी घेऊन आला. खाली पाणी जायला भोक असलेली. एक म्हातारा म्हणाला, "चालंल रं, भोक तर पाडायचंच असतं. काम वाचलं." लोक तोंडावर उपरणी धरून हसले. आबाजींची शेवटची प्रदक्षिणा झेंडूच्या कुंडीनं झाली.

हसण्यावारी गेलं असतं. पण बाईंच्या आत्तेसासूबाई पडवीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "आनंदीच्या घरात माणसाला मरायचीसुदीक सोय नाय."

संपलं. तेरावं झालं आणि आनंदीबाई बाजाराला गेल्या. आबाजींची काळी पत्र्याची ट्रंक रिकामी केली आणि भरायला घेतली. तिच्यात काय भरलं हे सांगते, पण क्रमानं. कारण मलासुद्धा ते क्रमानंच कळलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तालुक्याहून आदेश आला की डोंगरालगतच्या प्रत्येक वाडीत आपत्ती समिती हवी. अध्यक्ष मला केलं. ही बाई एरवीही ओरडतेच, तर अधिकृतपणे ओरडू दे, एवढाच त्यात विचार होता. मग प्रशिक्षण झालं, शाळेत. शिकवायला योगेंद्र नावाचा तरुण आला. अंगात खिसेच खिसे असलेलं नारिंगी जाकीट, हातात लॅपटॉप. 'वीज गेल्यास काय कराल' या पानावर तो आला आणि वीज गेली. त्यानं काय केलं? वीज यायची वाट पाहिली.

मग तोंडीच सांगितलं. प्रत्येक घरानं एक पिशवी भरून दाराशी ठेवायची. पिण्याचं पाणी, सुका खाऊ, बॅटरी, काडेपेटी, रोजची औषधं, दोरी, शिट्टी, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये.

आमच्या आळीतली ठकी म्हणाली, "सायब, बिस्किटं दाराशी ठिवली तं पूर यायच्या आदी पोरं खातील."

"मग वर ठेवा."

"मंग दाराशी कुटं ऱ्हायली?"

योगेंद्र पाणी प्यायला आणि त्यानं विषय बदलला. "बरं, आत्ता या क्षणी कोणाच्या घरी तयारी आहे?"

आनंदीबाईंनी हात वर केला. "माजी हाय. कदीपास्नं हाय."

तो इतका खूश झाला की चढण चढून त्यांच्या घरी गेला. दाराशेजारी काळी ट्रंक, तिला पितळी कुलूप. त्यानं ट्रंकेवर थाप मारली. "व्वा आजी! चांगली जड आहे!" फोटो काढला. बाई ट्रंकेशेजारी पदर सारखा करून उभ्या. आठवडाभरात प्रशस्तिपत्र आलं: आदर्श आपत्तीसज्ज कुटुंब. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर अंगठ्यांचा खच पडला. ट्रंक उघडा, असं कुणीही म्हणालं नाही. पाहणी म्हणजे वस्तूला बाहेरून थाप मारणे, हे आपल्याकडे वरपासून खालपर्यंत सगळ्यांना मान्य आहे.

मी उघडायला लावली. पावसाळा तोंडावर आला होता आणि खाऊ बुरसला तर नाही, एवढंच बघायचं होतं. बाईंनी गळ्यातल्या दोऱ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि मोठ्या कौतुकानं झाकण वर केलं.

आत कोरं नऊवारी लुगडं, जांभळ्या काठाचं, घडी न मोडलेलं. चार वार मादरपाट. झाळून बंद केलेला गंगेचा तांब्याचा गडू. वाळलेली तुळशीची पानं. चंदनाचा तुकडा. कापूर, तुपाची बाटली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या काडेपेट्या. फडक्याच्या गाठीत सोन्याचा मणी, तोंडात ठेवायला. आणि सर्वांत खाली, गवतात बसवलेलं, खणखणीत नवं मडकं.

मी खालीच बसले. "आनंदीबाई, हे काय आहे?"

"माजी तयारी. बांबू माळ्यावर हायेत. दावू?"

"अहो, त्यानं वाचायची तयारी सांगितली होती!"

"ती त्यानं त्याची सांगितली. ज्याला वाचायचंय त्यानं भरावी." त्यांनी लुगड्याच्या घडीवरून हात फिरवला. "कापूर उडतो बाई. दरसाल दिवाळीला नवा घालती. तुमच्या घरात हाय का कापूर?"

नव्हता. पण तो मुद्दा नव्हता.

"आणि डोंगर खाली आला तर? पळायला लागलं तर?"

"मी कुटं पळू? ह्या गुडघ्यांनी? आला तं आला. इथंच हाय सगळं. कुनाला कशेळ्याला धावायला नको, कुनाची कुंडी नको."

बॅटरी, शिट्टी आणि चिवड्याचा पुडा मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. शिट्टी नातीला गेली. चिवडा मलाच चहाबरोबर बशीत मिळाला. बॅटरीचं पुढे सांगते. वाडीतल्या सगळ्या घरांत पळून जाण्यासाठी पिशव्या भरल्या जात होत्या आणि ही एकटी बाई न हलण्यासाठी पूर्ण सज्ज होती. प्रशस्तिपत्रासकट.

जुलैच्या मध्यावर पाऊस लागला तो थांबेना. फोनवर लाल इशारे येऊ लागले. आमच्याकडे लाल इशारा वाचून माणूस आधी तो चार जणांना पुढे पाठवतो आणि मग चहा टाकतो. पण त्या दिवशी सकाळी आनंदीबाईंच्या गोठ्यामागून झिरपणारं पाणी गढूळ झालं. रोज ते स्वच्छ असे. आता तांबडं, चिखलाचं. संतोष वर जाऊन आला तो पांढराफटक होऊन. परसामागे जमिनीला भेग पडली होती, पाय जाईल एवढी रुंद.

मी वरची सगळी आळी खाली शाळेत हलवायला लावली. ओरडायचा अधिकार होता, तो वापरला. दुपारपर्यंत सगळे खाली आले. ओढ्याचं पाणी संतोषच्या स्लॅबच्या घरात शिरल्यामुळे त्याची बायको सुप्रिया आणि लेक रिया याही शाळेत आल्या. वर एकच माणूस उरलं.

संतोष आणि मी पुन्हा चढण चढलो. बाई ट्रंकेवर बसलेल्या. पाय घरात शिरलेल्या पाण्यात, हातात सुपारीचं खांड.

"आये, ऊठ. चल."

"तू जा. पोरीकडं बघ."

"आये, भेग पडलीय गं मागं!"

"म्हाईत हाय. तुज्या आदी मी बगितली. सकाळी कोंबड्या सोडल्या."

म्हणजे बघा! कोंबड्यांना स्थलांतर मंजूर होतं.

संतोष रडकुंडीला आला. "आये, तुला उचलून नेईन."

"हात तं लाव. तुज्या बापाची शपत घालीन."

शपथ म्हटल्यावर सहा फुटांचा गडी दाराशी खांब होऊन उभा राहिला. समजावणं, हात जोडणं, रागावणं, सगळं करून झालं. बाई अगदी शांत. त्या वेळेपर्यंत मला वाटत होतं की हे धैर्य आहे. मग त्यांनी ट्रंकेवर हात टेकून बसायची जागा बदलली, आणि त्या हाताकडे बघून माझ्या डोक्यात उजेड पडला. कसलं धैर्य! या बाईला मरणाची भीती नव्हती, ती होती पाहुण्यांची. मेल्यावर लोक जमतील आणि काहीतरी मागतील आणि घरात नसेल.

"ठीक आहे," मी म्हटलं. "तुम्ही बसा. शपथ तुमच्या अंगाला हात न लावायची आहे. संतोष, ट्रंक उचल."

"काय?"

"ट्रंक शाळेत जाईल. तुम्ही या ओट्यावर बसा निवांत."

"बाई, ट्रंकेला हात लावायचा नाय!"

"का? ट्रंकेची शपथ कुठे घातलीत? उठा जरा, त्याला कडी धरू दे."

त्या उठल्या; सवयीनं. कुणी सामान उचलायला आलं की माणूस बाजूला होतो. संतोषनं ट्रंक खांद्यावर मारली आणि चढण उतरू लागला. खाली टेंपो उभा होता.

"संत्या! ठेव! मुडद्या, खाली ठेव!" बाई दारापर्यंत आल्या. "मडकं हाय त्यात! फुटंल!" पायरी उतरल्या. "तुळस भिजंल रं!" आणि ज्या गुडघ्यांनी कुठंच जाता येत नव्हतं त्या गुडघ्यांनी, अनवाणी, भर पावसात, मुलाला आणि मला आणि माझ्या शिक्षणाला शिव्या देत ही बाई टेंपोपर्यंत आली. मागच्या फाळक्यावर चढून ट्रंकेला मिठी मारून बसली. मी फाळका लावून घेतला.

"बांबू ऱ्हायले," वाटेत एकदाच म्हणाल्या.

शाळेत समितीचा अधिकृत संच होता. तो लोखंडी कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली गुरुजींकडे. गुरुजी कर्जतला, आणि मधला पूल पाण्याखाली. कुणीतरी म्हणालं, सरकारी कुलूप आहे, पंचनामा करून तोडावं लागेल. मी बाहेरून दगड आणला आणि पंचनामा केला.

आत योगेंद्रचा बॅनर निघाला, सेल नसलेल्या बॅटऱ्या निघाल्या आणि शिट्ट्या. शिट्ट्यांची मात्र कमतरता ठेवली नव्हती. पोरांनी त्या वाटून घेतल्या आणि पुढची दुपार आम्ही सगळे एखाद्या खो-खोच्या सामन्यात बसल्यासारखे बसलो.

वाडीतल्या पिशव्या? आल्या होत्या ना. बिस्किटं पोरांनी कधीच खाल्ली होती, औषधं घरी गणपतीच्या कोनाड्यात, आणि कागदपत्रं मात्र प्रत्येकाची प्लॅस्टिकमध्ये, कडकडीत कोरडी. माणसं नखशिखांत भिजलेली आणि आधार कार्डं कोरडी.

दुपारच्या जेवणाच्या शेडमध्ये लाकडं होती, गोणीत तांदूळ-डाळ होती. भांडी ओढ्यापलीकडे, स्वयंपाकीणबाईंच्या घरी होती. पण आधी विस्तव हवा. पिशव्यांतल्या काडेपेट्या भिजून लगदा झालेल्या. उघड बिडी ओढणाऱ्यांच्याही भिजल्या. आणि चोरून ओढणाऱ्या तरुण मंडळींपैकी कुणीही, आपल्या खिशात लायटर आहे, हे बापासमोर कबूल करेना. पोरं थंडीनं काकडतायत, म्हाताऱ्या दात वाजवतायत आणि हे सुपुत्र खिशात हात घालून छपराकडे बघतायत! माणसाला आपत्ती परवडते, बापाची नजर नाही.

आनंदीबाई कोपऱ्यात ट्रंकेवर बसून होत्या. माझ्याशी बोलणं बंद. त्यांच्यासमोर सुप्रिया रियाला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे कपडे ओलेचिंब, ओठ जांभळे. शिट्टी तोंडात होती, पण वाजवायचं त्राण नव्हतं.

"गं सुप्रिया, कोरडं घाल तिला कायतरी."

"नाय ना आत्या. सगळं भिजलंय."

"कुनाकडंच नाय?"

"कुनाकडंच नाय."

ते दोन शब्द बाईंना लागले. बघता बघता चेहरा बदलला. दारात आलेलं माणूस, आणि "नाय". त्यांनी गळ्यातला दोरा ओढला, किल्ली काढली, ट्रंकेवरून उठल्या आणि कुलूप उघडलं. जांभळ्या काठाच्या लुगड्याची घडी, जी वर्षानुवर्षं दिवाळीच्या उन्हात फक्त उलटी-सुलटी केली जायची, ती एका झटक्यात मोडली.

ठकी किंचाळली, "अवो आत्या, मढ्याचं लुगडं पोरीला?"

"मढं अजून बोलतंय ना तुज्याशी? मंग गप बस. धर टोक."

रियाला लुगड्यात गुंडाळलं, नऊ वार, डोकं तेवढं बाहेर. मग काडेपेट्या निघाल्या, खडखडीत कोरड्या. कापूर निघाला, तूप निघालं. ओलसर लाकडांनी मुकाट पेट घेतला. मग बाईंनी दोन्ही हातांनी मडकं बाहेर काढलं, बोटानं वाजवून बघितलं आणि तांदूळ मागवला.

आता बाया खरोखरच मागे सरल्या. त्या मडक्यात शिजवलेलं खायचं? जीव गेला तरी नाही! एका बाजूला जीव जायचीच वेळ आलेली, हा तपशील कुणी मनावर घेतला नाही.

"मडक्याला कुटं म्हाईत कुनासाठी घेतलंय," बाई चूल फुंकत म्हणाल्या. "कुंभारानं काय माजं नाव घातलंय त्याच्यावर? ज्याला खायाचं त्यानं खा. ज्याला नको त्यानं शिट्टी वाजव."

पहिला घास रियाला. दुसरा मी घेतला. तूप चांगलं होतं. मग हळूहळू सगळ्यांनाच आठवलं की आपण पुरोगामी आहोत. मडकं पुन्हा पुन्हा चढलं. मादरपाटाचे तुकडे करून पोरांची डोकी पुसली. पंक्तीत आबाजींचा विषय निघाला, झेंडूच्या कुंडीचा निघाला, आणि या खेपेला बाई स्वतःच हसल्या. एक वस्तू मात्र त्यांनी दिली नाही. ठकी म्हणाली, "गंगा शिंपडा ना आत्या, सगळ्यांवर." बाईंनी गडू कुशीत ओढला. "ते नाय. तेवढं माजं."

आम्ही हात धुवत होतो तेव्हा वरून आवाज आला. फार मोठा नव्हता. बैलगाडी दगडांवरून जोरात जावी तसा. शिट्ट्या आपोआप थांबल्या.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला तशी वर गेलो. घर पुढून जसंच्या तसं. दार उघडं, उंबऱ्यावर रांगोळीचा ठसा. आत मागची भिंत नव्हती. तिथून डोंगर घरात आला होता आणि दारापर्यंत येऊन बसला होता, बोलावलेल्या पाहुण्यासारखा. दाराशेजारी, जिथे ट्रंक असायची, तिथे माझ्या कमरेएवढा चिखल आणि त्यात जात्याएवढा दगड.

संतोष बघून मागे वळला आणि भिंतीला तोंड करून उभा राहिला. आनंदीबाईंनी त्या दगडाला हात लावून बघितला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील; आभार वगैरे.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "ट्रंक वाचली."

योगेंद्र पंचनाम्याला आला. जाकीट तेच. प्रशस्तिपत्र गाडलं गेलं हे कळल्यावर त्यानं नवं करून दिलं. या खेपेला तो म्हणाला, "आजी, तुमच्या संचामुळे सगळी वाडी जेवली! काय काय होतं त्यात?" मी म्हटलं, "सांगा त्यांना." बाईंनी सांगितलं, बांबूपासून मण्यापर्यंत. तो लिहून घेत होता. मध्येच पेन थांबलं. प्रशस्तिपत्रावर 'स्थानिक साहित्याचा कल्पक वापर' असं छापून आलं.

आता आनंदीबाई संतोषच्या स्लॅबच्या घरात राहतात. ओढ्यावर लक्ष ठेवून असतात. गेल्या आठवड्यात मी समितीतर्फे पाहणीला गेले, थाप न मारता. दाराशी त्यांची काळी ट्रंक आणि तिच्या शेजारी सुप्रियानं शिवलेली पिशवी, दोन्ही भरलेल्या. पिशवीत पाणी, औषधं, खाऊ, रियाचे कोरडे कपडे. मला खरोखर बरं वाटलं. ट्रंकेत नवं लुगडं, नवं मडकं, नवा कापूर, तोच गडू. आणि गडूला टेकून माझी बॅटरी.

"ही इकडे कशी? पिशवीत हवी ना, जगायच्या सामानात."

"इकडंच ऱ्हाऊंदे. तिकडं वीज असंल, नसंल."

"आणि इकडे गेली तर?"

"इकडं कुनाकडनं तरी मागता येती," आनंदीबाई म्हणाल्या. "तिकडं नव्या जागी मी कुनाच्या दारात जाऊ?"

मी घरी आले आणि दुसरी बॅटरी नेऊन दिली, पिशवीसाठी. ती त्यांनी कुठे ठेवली, ते अजून बघायचं आहे.